चिंचेच्या आडतीवरचे दात

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच येणार. पण घाटनांदूरला आप्पांच्या चिंचेच्या आडतीवर किस्से आपोआप साठतात, कोपऱ्यात चिंचोके साठतात तसे. कुणी लक्ष देत नाही, पण सीझन संपेपर्यंत ढीग झालेला असतो.

माझं काम चव घेण्याचं. शेतकऱ्याचं पोतं उघडलं की बोटभर चिंच तोंडात टाकायची, चावायची आणि गिळायची. माल जुना का नवा, कसा आंबट, ते आप्पांना सांगायचं. मग आप्पा भाव बोलतात. चिंच थुंकायची मात्र नाही. थुंकली की शेतकऱ्याला वाटतं, आपला माल टाकाऊ ठरवला. तो पोतं उचलून समोरच्या आडतीवर जातो.

पूर्वी आप्पा स्वतःच चव घ्यायचे, वर्षानुवर्षं चावून आणि गिळून. आता त्यांना वरखाली कवळी आहे. मी कामावर आलो त्या दिवशी म्हणाले, "बाळू, माझी जीभ अजून हाय, दात संपले. आता तुझे वापरू."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा माझे दात चांगले होते.

*

चिंच फोडणाऱ्या बायकांची म्होरकी सरूमावशी. फोडता फोडता प्रत्येकीच्या तोंडात चिंच असतेच. संध्याकाळी दात असे आंबतात की भाकरी चावत नाही. त्यावर मावशीचा नियम होता. काम संपलं की लगेच हौदावर जाऊन सगळ्यांनी मिश्रीने दात घासायचे, खसाखसा.

"आंबट तोंडात ठिवलं की दात खातंय," ती म्हणायची. मी लाजून मागे राहिलो तर हाक यायची, "बाळू, तुला आवतन देऊ का?"

मीही घासायचो, सगळ्यांपेक्षा जोरात.

*

आमचे हमाल गफूरभाई. मेहुण्याच्या लग्नात फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी आठवडाभर लिंबू आणि मिठाने दात घासले. दात खरंच चमकले. फोटोही लई भारी आला. पण जेवायला बसले आणि बिर्याणीच्या पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. शेवटी नुसती खीर पिऊन उठले.

मेहुण्याने विचारलं, "भाईजान, खात कावून न्हाई?"

"हे दात फोटोचे हायेत," गफूरभाई म्हणाले, "खायचे घरी राहिले."

*

मग माझी पाळी आली. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागल्या. माठातलं पाणी लागलं की कळ थेट कानात. मी कुणाला बोललो नाही. दात गेले तर चव घेणार कोण, आणि चव घेता आली नाही तर आप्पा मला ठेवतील कशाला? म्हणून मान वाकडी करून एका बाजूने पाणी प्यायचो.

आप्पांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं मान धरली. त्यांनी गफूरभाईंना तेल घेऊन बसवलं. भाईंनी हमालाच्या हातांनी अशी मान चोळली की ती खरंच धरली.

*

शेवटी अंबाजोगाईला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सरूमावशी सोबत आली. "दात उपटताना हात धरायला माणूस लागतं," म्हणाली. गार वाऱ्याने कळ येऊ नये म्हणून एसटीत मी अख्खा रस्ता तोंडावर रुमाल धरून बसलो.

मी माझं चव घ्यायचं काम सांगितलं. बाईंनी आरसा घालून पाहिलं. "दातावरचं कवच झिजलंय. खालचा पिवळा थर उघडा पडायला लागलाय, म्हणून कळ येते. पण काढायचा एकही नाही."

मला रडूच येत होतं. दात उपटायचा नव्हता, तरी मावशीने धरलेला माझा हात सोडला नाही.

"आंबट खाल्ल्यावर दात कधी घासता?"

मावशी ताठ बसली. "लगीच. मी कुणाला सोडत न्हाई."

बाईंनी आरसा खाली ठेवला. "मावशी, आंबटाने ते कवच थोडा वेळ मऊ पडतं. तेव्हाच घासलं की कवचच निघून जातं. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. निदान अर्धा तास थांबायचं, मग मऊ ब्रश. आणि ती मिश्री बंद. गेलेलं कवच परत येत नाही, पण राहिलंय ते वाचेल." मग माझ्याकडे वळल्या. "काम सोडू नका. चिंच चावू नका, जिभेवर ठेवा आणि थुंका."

परत आमच्या स्टँडवर उतरल्यावर मावशी म्हणाली, "म्हंजे तुझे दात म्याच घासून नेले का रे?"

*

त्याच दुपारी मी आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थुंकायचं? शेतकऱ्यासमोर?" आणि समोरची वही मिटली. जा म्हणाले तर निघायला मी चप्पल पायात घालूनच उभा होतो.

तेवढ्यात एक शेतकरी पोतं घेऊन आला. आप्पांनी मला मानेने खुणावलं. मी चिंच जिभेवर ठेवली, चव घेतली, बाजूला जाऊन थुंकलो आणि चूळ भरली.

"माल नवा हाय आप्पा. एक नंबर."

पण शेतकऱ्याचं तोंड उतरलं होतं. "एक नंबर हाय तर थुंकला कावून?" म्हणत तो पोत्याचं तोंड बांधू लागला.

आप्पा गादीवरून उठले. तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही त्याच्या पोत्यावर ठेवल्या.

शेतकऱ्याने कवळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"थुंक बाबा," तो म्हणाला. "पाणी आणून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन तांबे भरले. एक वजनकाट्याजवळ माझ्यासाठी ठेवला, दुसरा सरूमावशीच्या ढिगापाशी.