जावयाचं गाव

मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला येताना एक खेळ घेऊन आली. पुठ्ठ्याचा मोठा नकाशा, त्यावर गावं, आणि चार रंगांचे लाकडी ठोकळे. फासे नाहीत, म्हणजे नशिबाला दोष द्यायची सोय नाही. प्रत्येकाने आपली चाल चिठ्ठीवर लिहायची आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मधल्या वेळात एकमेकांशी बोलणी करायला, वचनं द्यायला आणि ती मोडायला पूर्ण मुभा. निम्म्याहून जास्त गावं एकाच्या हातात आली की तो एकटा जिंकला. तसं कुणालाच जमलं नाही, तर सगळ्यांच्या संमतीने खेळ थांबवून सगळे मिळून जिंकले असं धरता येतं.

मुलगी परत गेली, खेळ आमच्याकडे राहिला. जळगाव जामोदच्या आमच्या घरात खेळणारे चौघं: मी, माझा नवरा, माझी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे या घरचे जावई. नणंद डोणगावला दिलेली, तिथे त्यांची धान्याची अडत आहे. सणावाराला दोघं आले की नकाशा अंथरला जायचा. सासूबाई खेळत नसत, पलंगावर पडून ऐकत असत.

आणि दर खेपेला आम्ही सगळे जिंकायचो. खेळ रंगात आला की चहा यायचा आणि नवरा म्हणायचा, "चला, सोडू आता बरोबरीत. सगळेच जिंकलो." मग सगळे खूश. मी सोडून.

मला एकदा एकटीने जिंकायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. मी शाळेत गणित शिकवते. वर्गाचा निकाल चांगला लागला की तो शाळेचा निकाल असतो. घर बांधलं ते आम्ही सगळ्यांनी बांधलं. लग्नात आहेर जातो तो घराण्याचा. भाजी खारट झाली तर मात्र ती माझी एकटीची असते. तेव्हा एखादी चांगली गोष्टही माझ्या एकटीच्या नावावर लागावी असं वाटत होतं, मग ती पुठ्ठ्यावरची का असेना. एकदा चहाला मी "अजून थोडं खेळू" म्हटलं, तर जावई हसून म्हणाले, "वहिनी, तुमचं मन मऊ आहे. एकट्यानं जिंकाले काळीज लागते." नाकाला मिरच्या झोंबल्या, पण जावई पडले, काय बोलणार.

खरं तर काळजाची परीक्षा त्यांना कधी द्यावीच लागली नव्हती. त्यांच्या गावांवर कुणी चाल करत नसे. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. या घरात पहिलं पान त्यांचं, पंख्याखालची खुर्ची त्यांची, तसंच नकाशावरही ते मध्यभागी निवांत बसलेले असत. मी आणि नवरा एकमेकांची गावं ओरबाडायचो आणि त्यांच्या हद्दीला वळसा घालून जायचो. नवरा म्हणायचाच, "जावयाच्या वाट्याले कोन जाते?" जावयांना वाटायचं, आपण डावपेचात पक्के आहोत म्हणून कुणी फिरकत नाही. त्यामुळे ते आम्हाला सल्लेही द्यायचे.

एकदा ते गेल्यावर नकाशा गुंडाळायला घेतला आणि माझं लक्ष गेलं. त्यांचे सगळे ठोकळे पुढे, दुसऱ्यांच्या सीमेवर होते. मागची त्यांची स्वतःची गावं रिकामी. दाराला नुसती कडी लावून लग्नाला निघून जावं तसं.  इथूनच जिंकता येईल, हे माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा अधिकमास, जावयाला नारायण मानून जेवू घालायचा. उन्हाळा असा की कूलरमधूनही गरम वारा येत होता. सासूबाईंनी आठवडाभर आधीपासून अनारशांचं पीठ, चांदीचं निरांजन, जावयाचे कपडे असा धोशा लावला होता. जावई-नणंद सकाळीच आले. मी पहाटे उठून पुरण करून ठेवलं होतं, ते भरून धोंडे तेवढे ऐन वेळी तळायचे होते. नवरा म्हणाला, "जेवनाले वेळ आहे, मांडा तोवर." मी पदर खोचला आणि बसले.

त्या दिवशी मी जावयांशी सारखा सलोखा ठेवला. त्यांनी मागितलेलं एक गाव आनंदाने सोडूनही दिलं. त्या जोरावर नवऱ्याची गावं एकेक करत घेतली. नणंद आपल्या यजमानांच्या आडोशाला दोन गावं धरून बसली होती, तिच्याकडे मी गेलेच नाही. होता होता मला एकच गाव कमी राहिलं. नवऱ्याने उरलेलं त्याचं सगळं डोळ्यांत तेल घालून राखलं होतं. जावयांचं मागचं गाव मात्र नेहमीसारखं रिकामं होतं, माझ्या ठोकळ्याला अगदी लागून. मी चिठ्ठी लिहिली. 

चिठ्ठ्या नवरा वाचायचा. माझी त्याने मनात वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तू चुकून लिहिलं ना?"

"नाही."

"काय झालं रे?" पलंगावरून सासूबाई.

"हिनं जावयाचं गाव घेतलं."

सासूबाई उठूनच बसल्या. "अवो बाई, धोंड्याचा महिना चालू आहे! जावयाले द्या लागते, त्याच्या जवळचं घेत असतेत काय?"

नणंद म्हणाली, "वहिनी, काऊन असं करता? खेळच तर आहे."

"खेळ आहे म्हणूनच केलं," मी म्हटलं.

 जावयांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी धोंडे तळायला उठले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "पान नका वाढू माह्यं. भूक नाही मले."

 धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी गेला तर ते या घरात माझ्या मरणापर्यंत निघत राहिलं असतं. सासूबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. रागावल्या नव्हत्या, काकुळतीला आल्या होत्या. "म्हन ना वं, चुकून झालं म्हनून. तुह्यं काय जाते?"

"माह्यं जिंकनं जाते, आई."

 मी कढईत धोंडे सोडले. खरं सांगायचं तर त्यांनी अजून एकदा म्हटलं असतं तर मी गेले असते आणि म्हणाले असते, चुकलं. पण तेवढ्यात बाहेर नवऱ्याला तोड सुचली. मोठ्याने, घरभर ऐकू जाईल असं तो म्हणाला, "अन् जावाईबापू, तुमी काय कच्चे खेळाडू आहात? तुमीच तिले जिंकू देलं. मोठ्या मनानं."

नणंद लगेच म्हणाली, "हाव ना, मले वाटलंच होतं."

हातात झारा घेऊन मी दारात येऊन उभी राहिले. तोड उत्तम होती. जावयांनी नुसतं हसून मान हलवली की त्यांचा मान राहणार, जेवणं होणार, सासूबाईंचं पुण्य वाचणार. माझं तेवढं जाणार, आणि त्यावर मला तोंडही उघडता आलं नसतं. माझा इतका संताप झाला की डोळ्यांत पाणी आलं. नवरा ठोकळे गोळा करायला वाकला.

"राहू द्या ते," जावई म्हणाले. ते नकाशावर ओणवे होऊन आपल्या मागच्या गावांवरून बोट फिरवत होते. बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, "देलं नाही मी. त्यायनं घेतलं. माह्या मागं कोनीच उभं नव्हतं, अन् मले ते दिसलंच नाही."

मग उठून हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. "वाढा वहिनी."

सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं. मी पहिले धोंडे त्यांच्या पानात वाढले. मी जिंकले होते, एकटी, आणि हे सगळ्यांसमोर म्हणणारा माणूस ज्याचं मी गाव घेतलं तोच निघाला होता. मला त्यांच्याविषयी इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

त्यांनी एक धोंडा मोडला आणि घास हातातच धरून विचारलं, "मंग याच्या आधी मले कोनीच काऊन मारलं नाही?"

नवऱ्याने वरणात भात कालवायला घेतला. नणंद पानातलं मीठ सारखं करायला लागली. उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि हळूहळू ते त्यांच्याही तोंडावर दिसायला लागलं होतं.

"तूप वाढ वं त्याइले," सासूबाई म्हणाल्या.

मी तूप वाढायला वाकले. ते बस म्हणतील म्हणून मी धार धरून होते, पण ते काही म्हणालेच नाहीत.