दुपारचं गाऱ्हाणं

कॅन्सरचे उपचार संपून वर्ष झालं, पण माझ्या दुपारी अजून पुरत्या जाग्या झालेल्या नाहीत. दिंडोशीच्या आमच्या सातव्या मजल्यावर जेवणानंतर पडदा फुगतो, मागच्या डोंगराचा हिरवट उजेड भिंतीवर हलत राहतो, आणि आपण झोपलोय की जागे आहोत हे मलाच सांगता येत नाही. नेमकी तेव्हाच भीती येते. गाठ परत आली तर?

घरात हे बोलायची सोय नव्हती. तोंड उघडलं की नवरा म्हणायचा, "वायट बोला नको गो." वाईट तोंडातून काढलं की खरं होतं, असं मानणारं त्यांचं अख्खं घराणं!

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, रोज पंधरा मिनिटं मनात येईल ते लिहा. मी वही आणली. पण बावीस वर्षं ऑफिसात पत्रं टाइप करून माझी वाट लागलेली. पहिल्याच पानावर उतरलं, 'कळविण्यात येते की मला भीती वाटते.' स्वतःचाच राग आला, हसूही आलं.

पाचव्या दिवशी, त्या अर्धवट झोपेत, हात आपोआप गाऱ्हाण्याकडे वळला. आमच्या कोकणातल्या गावी देवळात एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे खणखणीत मागणं मागतो, आणि मागे उभे असलेले दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते पुरुषांचं काम. म्हटलं, असू दे. लिहिलं, आणि कधी मोठ्याने वाचायला लागले ते कळलंच नाही.

"बा देवा म्हाराजा, सगळे म्हणतत, तू बरी झालंस..."

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

नवरा चहा करत होता. लहानपणापासूनची सवय, काय मागितलंय ते न ऐकताच होकार देऊन मोकळा. मी थांबले नाही.

"पण माझी भीती बरी झाली नाय, म्हाराजा. आठ दिवसांनी तपासणी आसा. गाठ परत येतली, असा वाटता."

"व्हय म्हा..."

तो दारात आला, हातात सांडशी तशीच. आता ओरडणार, असं वाटलं. पण तो पलंगाच्या कडेला बसला आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. इतके महिने मी किती एकटी होते, ते मला तेव्हा कळलं.

"तू तपासणीक आत जातंस," तो म्हणाला, "तेवा तुझ्यो चपलो माझ्याकडे आसतत. फक्त त्योच घेवन घराक येवचा लागात, असा वाटता."

मग त्याने वही माझ्याकडे सरकवली. "ह्या पण घाल त्येच्यात."

मी लिहायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना ऐकलं.