गावाचं मत आणि मावशीची वलांडी

विधानसभेच्या निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, उत्तनच्या किनाऱ्यावर, माझ्या मावशीचे बोंबील वलांडीवरून, म्हणजे मासळी वाळत घालायच्या बांबूंवरून, ओढून वाळूत टाकले गेले. टाकणारे परके नव्हते, तिच्याच आळीतले होते. तेव्हापासून बांबूच्या त्या रांगांत तिला जागा नाही. ती घराच्या पत्र्यावर मासे वाळवते आणि कावळे तिच्याआधी जेवतात. विधवा बाई आहे, सुक्या मासळीवरच जगते.

गुन्हा काय? मतदानाच्या आदल्या दिवशी गावाची बैठक बसते, पंच चिन्ह सांगतात, गाव मान हलवतं. आई लग्न करून मीरा रोडला आली त्याच्याही आधीची ही रीत. तेव्हा गावाच्या बूथवर भलत्या चिन्हाला मत पडलं, तर कुणाचं डोकं फिरलं याचा शोध लागायचा. एकजुटीला वजन होतं, खोटं कशाला बोलू? पुढारी बोटीपर्यंत चालत यायचे. मग रस्त्यावरूनच हात जोडायला लागले, मग गाडीतून नुसता हात हलवायला. जेट्टी दर निवडणुकीला नव्याने कबूल झाली. कचऱ्याचा धूर माशांना लागायला लागला. पोरं बोटी सोडून मीरा रोडच्या दुकानांत कामाला लागली. बूथवरची मतं एका निवडणुकीत थोडी दुसऱ्या चिन्हाकडे सरकली, पुढच्या वेळी आणखी. बैठकीत माना मात्र तशाच हलत राहिल्या.

यंदा मावशी उठून म्हणाली, "मत कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. शाई माज्या बोटाला लागते."

"नवरा असता तर बोलली असतीस का गं?" मागून कुणीतरी.

"तो असता तर त्यालाबी इचारलं न्हाय असतं!"

बायका हसल्या. ते हसणंच झोंबलं.

निकालाला बूथचे आकडे आले. दुसरं चिन्ह कितीतरी पुढे. ठपका मावशीवर.

अरे, एका बाईचं मत एकच असतं ना? मी त्या दुसऱ्या चिन्हाची पत्रकं घेऊन दारोदार फिरलेय. पुढच्या दारी ऐकलं, "गाव ठरवील तसं." मागच्या दारी, "तो कागद दे इकडं, बोलू नको कुणाला." नाही बोलणार. पण बोंबील वाळूत टाकणारे काही हात मी मागच्या दारी पाहिलेत.

शेवटी मावशीला विचारलंच. मासे उलटवत म्हणाली, "गावानं सांगितलं त्यालाच दिलं."

"मग सांग ना त्यांना!"

"त्यांना सांगून जागा मिळवली, तर मग माजं मत माजं कसं?"

तिने नाही सांगितलं. तिचं बोलणं मी इथे छापतेय तिला विचारून. "लिही," म्हणाली, "पण माज्यासाठी जागा मागताना मत पुढं करू नको."

म्हणून आळीतल्यांनो, सरळ सांगते. तुम्ही कुठलं बटण दाबलंत ते मला ऐकायचं नाही. उद्या सकाळी वलांडीवर तुमचे बोंबील थोडे सरकवा आणि तिला तिची जागा परत द्या.