सोमवारच्या रकान्यात शून्य

"मॅडम, रकान्यात शून्य कसं काय?" फोनवर हेड ऑफिसच्या साहेबांचा आवाज चढला होता. "सगळ्या प्लांटनी आकडे दिलेत. तुमचंच शून्य!"

"कारण खरं तेच आहे, साहेब."

मी कारखान्याच्या कॅन्टीनची मॅनेजर. बारा वर्षं चारशे माणसांचं जेवण बघते. त्या महिन्यात मुंबईहून मेल आला होता: दर सोमवारी 'मीटलेस मंडे' करा, किती किलो मटण वाचलं ते कळवा. हेतू चांगलाच होता. बकऱ्या रवंथ करताना मिथेन वायू सोडतात, त्याने हवा तापते. चाऱ्याला जमीन आणि पाणी लागतं ते वेगळंच. शिवाय मटणाची चरबी फार झाली की कोलेस्टेरॉल वाढतं. पण आमच्याकडे सोमवारी मटण शिजतंच कुठे? मुरुडपासून तळा गावापर्यंतची ही माणसं बहुतेक वार पाळणारी. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कॅन्टीनला मटण असतं बुधवारी, आणि त्या दिवशी आठवड्याची कसर भरून निघते.

"अहो, मग लिहून टाका ना काहीतरी," साहेब म्हणाले.

"नाही लिहिणार. बुधवारी कमी करून दाखवते."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, सुवर्णा, काय बोलून बसलीस! पण माझ्या डोक्यात मोरेश्वर होता. आमचा फिटर आणि युनियनचा पुढारी. दोन महिन्यांपूर्वी त्याला स्टेंट बसवलेला, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. डॉक्टरांनी मटण जवळजवळ बंद करायला सांगितलेलं. तरी बुधवारी ताट घेऊन पहिला हजर! "सोम, गुरु, शनि पाळतो की. अजून किती पाळू?" त्याची बायको सुलभाताई माझ्याच स्वयंपाकघरात. त्या वाढता वाढता त्याच्या ताटाकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. मला ते बघवत नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी मटणाऐवजी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. झाली चूक! ताटं तशीच परत आली. अर्धा कारखाना गेटबाहेरच्या ढाब्यावर मटण खाऊन आला, मोरेश्वर सगळ्यांच्या पुढे. वर मलाच येऊन म्हणतो, "मॅडम, ह्यो काय स्पंज शिजवलाय? आमी काय येडे हाव?"

"मग काय शिजवू, दादा? तुम्हीच सांगा."

"सोमवारचा बिरडा दोन-दोन डाव मागतो आमी. त्यो बुधवारी केला तर तुमचा काय जाईल?"

मी कपाळाला हात लावला. उत्तर माझ्याच टोपात होतं. बिरडं म्हणजे मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचं कालवण, वर ओला नारळ. अडचण एकच. एकेक दाणा चिमटीत धरून सोलावा लागतो. सोमवारीच बायकांची बोटं दुखायची, आता आठवड्यातून दोनदा म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. सुलभाताईंनी मात्र परात पुढ्यात ओढली.

"मी सोलते. रडत बसण्यापरीस ह्ये बरं."

मग मीही बसले. बाकीच्या निमूट आल्या.

बुधवारी मटण ठेवलं, पण दोन फोडी आणि रस्सा एवढंच. बिरडं हवं तेवढं. मोरेश्वरने ताट पुढे केलं. सुलभाताईंनी बिरडं वाढलं आणि मटणाचा डाव हातात धरून विचारलं, "वाढू?"

त्याने एकदा डावाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "ऱ्हाऊ दे आज."

सुलभाताई आत गेल्या, पदराने डोळे पुसून लगेच परत आल्या. रांग खोळंबली होती.

महिनाभरात मटणाची ऑर्डर जवळजवळ निम्म्यावर आली. साहेबांना कळवलं.

"छान! पण फॉर्ममध्ये बुधवारचा रकानाच नाही. सोमवारात टाकू?"

"नको. सोमवारी शून्यच. तुम्ही रकाना वाढवा."

वाढवला त्यांनी, कुरकुरत. मोरेश्वर अजून बुधवारी पहिला हजर असतो, बिरड्यासाठी. मी एवढंच शिकले: ज्याचा आधीच उपास आहे त्याला जेवण सोडायला लावलं, तर फक्त फॉर्म भरला जातो.