पाऊणशे रुपयांची भाऊबीज

रत्नागिरीच्या रजिस्टर कचेरीसमोर वडाखाली चटई टाकून मी तीस वर्षं लोकांची खरेदीखतं लिहिली. शेकडो घरं माझ्या टाकाखालून एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. त्यातली निम्मी तरी रावजी नागवेकराने जमवलेली होती. रावजी घरांचा दलाल. लोक त्याला तोंडावर ‘रावजीशेट’ म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते मी लिहीत नाही, कारण तसलंच काहीबाही ते मलाही म्हणत असणार.

रावजीचा बाप बैलांचा दलाल होता. घाटाखालच्या बाजारांत हिंडून बैलांचे दात मोजण्यात त्याचा जन्म गेला. रावजीला बैलांच्या शेणाची शिसारी, म्हणून तो घरांकडे वळला. तेव्हा पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आगबोटींवर नोकरी केलेले लोक चार पैसे गाठीला बांधून परतत होते आणि प्रत्येकाला गावात स्वतःचं घर हवं होतं. रावजीने धंदा बदलला, पण बापाची रीत सोडली नाही. घर बघायला गेला की आधी वासे मोजायचा, मग भिंतीवर बोटाने टकटक करायचा, मग विहिरीचं पाणी ओंजळीने पिऊन बघायचा. बैलाचे दात बघावेत तसा घराचा एकेक खांब बघायचा. दलाली शेकडा एक, घेणाऱ्याकडून आणि देणाऱ्याकडून, दोघांकडूनही. त्यात लपवाछपवी नव्हती, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

भावाची बोलणी मात्र उपरण्याखाली व्हायची. ही बापाची खास रीत. दलाल आपला हात घेणाऱ्याच्या हातात द्यायचा, वरून उपरणं टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. पूर्ण पंजा धरला की पाचशे, एक बोट धरलं की शंभर, बोटाचं एक पेर दाबलं की पन्नास. मग तोच हात देणाऱ्याच्या हातात जायचा. भोवती बसलेल्यांना कळायचं नाही. दोघांचा भाव जुळला की रावजी उपरणं झटकून खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, “झालं! आता अण्णांच्या चटईवर चला.” अण्णा म्हणजे मी.

या रीतीत एक खोट होती, आणि ती आम्हां सगळ्यांना दिसत असून कुणी बोललं नाही. विकणारी बाई असली तर काय? परक्या पुरुषाच्या हातात उपरण्याखाली हात देणारी बाई त्या काळात कुठली असायला! मग दलाल घेणाऱ्याशी हात लावून यायचा आणि बाईला भाव तोंडाने सांगायचा. तो सांगेल तो भाव. तळं राखी तो पाणी चाखी, म्हणतात ते काही उगीच नाही.

बावीस साली वैशाखात येसूबाईने घर विकायला काढलं. तिचा नवरा गंगाराम मालाच्या गलबतावर तांडेल होता, तो आदल्या पावसाळ्यात तापाने गेला. मिरकरवाड्यात त्यांचं ऐसपैस घर होतं. थोरली मुलगी लग्न होऊन केळशीला गेलेली, घरात ही आणि धाकटी. तिचा हिशेब साधा होता: साडेतीनशे रुपये धाकटीच्या लग्नाला आणि पोटाला बाजूला ठेवायचे, उरतील त्यात लहान घर घ्यायचं. घर तिने हेरूनही ठेवलं होतं. वरच्या आळीतलं दोन खोल्यांचं, अंगणात विहीर असलेलं, किंमत तीनशे. त्या विहिरीसाठी तिचा जीव अडकला होता. “म्हातारपणी कळशी घेऊन चढ चढायला नको,” असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

घेणारा होता धाकू मयेकर, बारा वर्षं आगबोटीवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा होता. वडाखाली रावजीने त्याचा हात धरला, उपरणं टाकलं. येसूबाई दहा पावलांवर, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, अर्धी पाठ फिरवून बसलेली. थोड्या वेळाने रावजी उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, “बाय, पावणेसहाशे. याच्या वर तो काय चढत नाय.” ती बरं म्हणाली.

खरा भाव साडेसहाशेला ठरला होता. मला कसं कळलं? धाकूनेच सांगितलं. “अण्णा, कागदावर पावणेसहाशे लिहा. स्टँप कमी लागेल. वरचे पाऊणशे मी रावजीशेटकडे दिलेत, तो बाईंना घरी पोचते करील.” असं कागदावर कमी लिहिणं तेव्हा सर्रास चाले, त्यामुळे धाकूला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी रावजीकडे पाहिलं. तो वडाच्या पारंब्या बघत होता. मग त्याने माझ्या लिहिणावळीवर दोन रुपये जास्त ठेवले, आणि मी समजायचं ते समजलो.

खरेदीखत वाचून दाखवलं. येसूबाईने अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत धरून मला विचारलं, “अण्णा, एवढेच?”

मी म्हणालो, “कागदावर तेवढेच आहेत, बाई.”

वाक्य अगदी खरं होतं. इतकं खरं वाक्य बोलून मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी एवढा खोटा ठरलो नाही. तिने अंगठा उठवला.

पाऊणशे कमी पडले म्हणून विहिरीचं घर हातचं गेलं. सव्वादोनशेत त्याच आळीत, चढाच्या अगदी टोकाला, बिनविहिरीचं घर मिळालं. तेही रावजीनेच शोधून दिलं. त्या सौद्यात त्याने तिच्याकडून दलाली घेतली नाही, पहिल्या सौद्यातलीही तिची दलाली परत केली. मन खात होतं, दुसरं काय! तिला मात्र वाटलं, हा देवमाणूस. दिवाळीत तिने निरोप धाडला: मला पाठचा भाऊ नाही, रावजीदादाने भाऊबीजेला यावं.

रावजी गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या चटईवर येऊन बसला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“पाय धुवायला पाणी दिलान तिनं, अण्णा. तांब्याभर. खालच्या विहिरीवरनं आणलेलं. मी ते पायावर कसं घेतलं माझं मला ठाव.”

“ओवाळणी काय घातलीस?”

“पाच रुपये.”

मी टाक खाली ठेवला. लोक ओवाळणीत पावली टाकत, फार तर अधेली. पाच रुपये म्हणजे गावभर बोभाटा.

“आता सत्तर उरले,” रावजी म्हणाला. “दरसाल पाच घालीन. फेडून टाकीन.”

“मग आजच जाऊन सत्तर दे आणि कबूल हो.”

“ते नाय जमायचं,” तो म्हणाला आणि उपरण्याच्या टोकाने मान पुसू लागला.

मी चिडून विचारलं, “घेतलेस तरी कशाला? उपाशी मरत होतास?”

“उपाशी कशाला? घरावर मंगळुरी कौलं घातली. कापडाखाली हात होता, अण्णा. कुणी बघत नव्हतं, म्हणून घेतले.”

त्याच्या तोंडून याहून खरं वाक्य मी कधी ऐकलं नाही. पण माझे दोन रुपये परत करायचं मला सुचलं नाही.

पुढे दर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारायचो, “काय रावजीशेट, किती उरले?” आणि तो सांगायचा, पासष्ट, साठ, पंचावन्न. मला त्यात गंमत वाटायची, हे आता लिहिताना लाज वाटते. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं मी त्याला चिडवायचोसुद्धा. तो हसायचा नाही. गावात मात्र त्याची कीर्ती वाढत होती. बायका आपापल्या भावांना ऐकवायच्या, “भाऊ असावा तर येसूबाईच्या रावजीदादासारखा.” रावजीची बायको सगुणा चारचौघींत मान ताठ करून मिरवायची. कुणी असं कौतुक केलं की रावजीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि लोक म्हणायचे, किती विनयी माणूस!

धंद्यातही तो बदलला. उपरण्याखाली भाव करणं त्याने सोडून दिलं. मोठ्याने बोला, म्हणायचा. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही दुसऱ्या दलालाकडे गेली. बाई विकणारी असली तर तो घेणाऱ्याला तिच्यासमोर उभा करायचा आणि आकडा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. मिळकत घटली. कौलं फुटली तर बदलायचा नाही, गळकी जागा दिसली की तिच्याखाली टोप ठेवायचा.

छत्तीस सालच्या भाऊबीजेला शेवटचे पाच रुपये ताटात पडले. दुसऱ्या दिवशी रावजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. मला चहाच्या दुकानात घेऊन गेला आणि भजी मागवली. “फिटलं, अण्णा,” म्हणाला. पंधरा वर्षांत मी त्याला असं मोकळेपणी खाताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला सकाळीच तो माझ्या घरी येऊन ओटीवर बसला. सगुणा आपल्या भावाकडे गेलेली. मी विचारलं, “येसूबाईकडे जायचं नाही?”

“आता कशाला? ते प्रकरण संपलं. तिच्यासमोर बसलो की माझं काळीज कुरतडतं. सुटलो एकदाचा.”

मलाही ते पटलं. आम्ही पान लावलं. दुपार कलली तेव्हा आवाठाच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, येसूबाई आत येताना दिसली. साठी उलटलेली, चालताना एका बाजूला कललेली. ज्या बाजूला कळशी घ्यायची ती बाजू. पदराखाली पोह्यांची तपेली होती. रावजी उठून उभा राहिला आणि कुठे जावं ते न कळून पुन्हा बसला.

“तुझ्या घरी जाऊन आलंय. बरा हायस ना, दादा? ताप-बीप नाय ना?”

“नाय, बाय. जरा काम निघालं.”

ती पायरीवर बसली. तपेली बाजूला ठेवली. म्हणाली, “पंधरा झाल्या. व्हय ना?”

रावजीने पानाचा डबा उगीच मिटला.

“पयल्याच थंडीत खालच्या विहिरीवर धाकूच्या बायकोनं सांगितलान मला. आमी साडेसहाशे मोजले म्हणाली. अंगणात विहीर असती तर कळलंच नसतं.” ती अगदी शांतपणे बोलत होती. “दुसऱ्या दिवाळीला मी बोलणारच व्हतंय. चार बायका मुद्दाम बोलावून बसवल्या व्हत्या. पण टिळा लावायला गेलंय, तर याचं कपाळ घामानं भिजलेलं. कुंकू ठरंना. म्हटलं, एवढी लाज हाय माणसाला, तर राहू दे. मग दरसाल येत गेलास. धाकटीच्या लग्नात मांडव घातलास. मला भाऊ नव्हता, तो झाला. पैसे मी मोजत व्हतंय, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हणायचंय, पंधरा होऊ देत. सोळाव्याला येईल तो फेडायला नाय यायचा, माझ्यासाठी येईल. आज सकाळधरनं पाट मांडून बसलंय.”

रावजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “बाई, त्याच्या मनात तसं नव्हतं.”

ती माझ्याकडे वळली. “आणि तुमी, अण्णा? अंगठा धरून मी तुमास्नी विचारलं व्हतं, एवढेच? हा चोर तरी पंधरा वर्षं माझा चढ चढून तोंड दाखवून गेला. तुमी एकदा तरी आलात?”

पंधरा वर्षं मी रावजीला विचारत होतो, किती उरले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी ओटीच्या जमिनीकडे बघत राहिलो.

येसूबाई उठली, रावजीजवळ गेली. त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं आणि म्हणाली, “तवा परका व्हतास म्हणून कापडाखाली हात घातला नाय. आता घाल.” तिने त्याचा हात हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. कितीतरी वेळ दोघं तशीच उभी होती. रावजी ओक्साबोक्शी रडत होता, साठीच्या घरातला माणूस. मग तिने उपरणं काढून त्याच्या खांद्यावर नीट ठेवलं, तपेली उचलली आणि म्हणाली, “चल. पोहे गार झाले.” तो तिच्या मागोमाग गेला. मला कुणी चल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चटईवर आला तेव्हा मी विचारलं, “काय भाव केलान तिनं? कुठलं बोट दाबलान?”

“बोट-बीट काय नाय,” रावजी म्हणाला. “नुसता हात धरून ठेवलान.”

त्यानंतर आणखी दोन भाऊबीजा तो गेला, पावली टाकून आला, आणि मग वारला. येसूबाईने त्याचं सुतक पाळलं. माझे दोन रुपये अजून माझ्याकडेच आहेत. चढ काही फार मोठा नाही, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.