परत पाठवलेलं दप्तर

माझी लेक परवा मोबाइलवर पाठीवरची बॅग निवडत होती. शाळेला, क्लासला, बसला सगळीकडे तीच चालली पाहिजे. बटबटीत डोळ्यांच्या मुली, निळ्या केसांचे पोरगे. "आई, ही ॲनिमेवाली छान की ती?" मी म्हटलं, कुठलीही घे, पण आलेली परत करू नकोस. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

आठवीपासून मला एसटीनं संगमेश्वरच्या हायस्कुलात जायचं होतं. बाबा मुंबईत गोदीत कामाला. आमच्या वाडीतल्या गड्यांनी मिळून एक खोली घेतली होती, तिथं राहायचे. मे महिन्यात त्यांचं पत्र आलं. दुकानात जपानी चित्रांची दोन दप्तरं आहेत, एकावर मोठ्ठ्या डोळ्यांची मुलगी, एकावर लोखंडी माणूस. कुठलं आणू? मी म्हटलं, मुलगी. आईनं माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, आणि मुंबईला निघालेल्या शेजारच्या काकांकडे चिठ्ठीबरोबर दिली. चपला, झंपर, सगळ्यांची मापं आमच्याकडून अशीच जायची.

काका परत आले ते लोखंडी माणूस घेऊन. सोबत चिठ्ठी. मुलगीवालं संपलं, सध्या हेच वापर, गणपतीला दुसरं बघू.

माझं डोकंच फिरलं. पोरग्यांचं दप्तर घेऊन एसटीत बसू? अख्खा वर्ग दात काढेल! पाठीला लावूनसुद्धा बघितलं नाही. आई म्हणाली, "गो बाय, बाप तिकडं राबतो न तुला नखरे सुचतायत?" मी ऐकते कसली! चार दिवसांनी काका निघाले तेव्हा दप्तर त्यांच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, "बाबांना सांगा, हे तुम्हीच वापरा." अशी तोंडाळ होते मी मेली. भर पावसात पुस्तकं कापडी पिशवीतून नेली, पण बाबांच्या पुढच्या पत्राला उत्तर दिलं नाही.

श्रावणात बाबांना कावीळ झाली. आई मुंबईला निघायची तयारी करत होती, तोवर तार आली.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसला नाही. काका आले ते बाबांची ट्रंक घेऊन, आणि ट्रंकेवर ते दप्तर. ओटीवर बसले, पुढ्यातलं पाणीही प्याले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, तुझा निरोप मी दिला. खूप हसला तो. रोज यातूनच डबा न्यायचा. खोलीतले चिडवायचे, काय रे, पहिलीत नाव घातलंस काय? तर म्हणायचा, लेकीचा हुकूम आहे."

मला तिथंच मरून जावंसं वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी दप्तर पाठीला लावलं. पट्टे नेमके बसले. आईच्या सुतळीवरून बाबांनी ते चांभाराकडून शिवून घेतले होते.

काका म्हणाले, "त्याच्या खांद्यात ते शिरतच नव्हते. बगलेत धरून न्यायचा. मी म्हटलं, उसवून घे की. तर म्हणाला, नको, राग गेला की तिला लागेल."

राग माझा आठ दिवसांतच गेला होता. मी तेवढं लिहिलं नव्हतं.