विहिरीच्या काठावरचा सर्व्हर

नव्वदच्या दशकात जळगावात घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे घरात जावई येऊन राहण्यासारखं होतं. त्याला ऊन सोसत नाही, धूळ सोसत नाही, वीज गेली की लगेच रुसतो. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि उरलेल्या वेळात या जावयाची सरबराई करायचो. त्याच्यावर मी स्वतः लिहिलेला एक खेळ चालवत असे. नुसत्या अक्षरांचा. मोडेमवरून आमच्या घरचा फोन लावायचा की पडद्यावर एक गाव उघडायचं: नदी, केळीचा मळा, विहीर. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच पाहुणा. गावातले दोन-तीन हौशी मित्र संध्याकाळी येत. मी त्याला ऐटीत सर्व्हर म्हणायचो.

नाना, म्हणजे माझे वडील, त्याला शिट्टीवालं म्हणायचे. चुकून त्यांनी फोन उचलला की कानात टूं टूं व्हायचं आणि ते रिसीव्हर आपटायचे.

दुपारची वेळ मात्र अक्काची होती. माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. सासरी ट्रान्सपोर्टचा धंदा, बिलं करायला कॉम्प्युटर, आणि धाकट्या दिराने हौसेने आणून टाकून दिलेला मोडेम. फोनवर ती बोलू शकत नसे, कारण शेजारच्याच ओसरीत सासूबाई बसलेल्या. पत्र टाकायला दुसऱ्याच्या हाती द्यावं लागे. पण कीबोर्ड बडवणारी सून बिलं करते असंच सगळ्यांना वाटायचं, आणि ऑफिसच्या एसटीडीत तिची पाच मिनिटं खपून जायची. ती खेळात शिरायची, मी इकडे पडद्यासमोर बसलेला असायचो आणि आम्ही त्या विहिरीच्या काठावर बोलत बसायचो. दुसऱ्यांदा पोटातलं गेलं हे मला तिथेच कळलं. नवऱ्याने हात उगारल्याचंही. नानांना सांगू नकोस, एवढी शपथ तिने घातली होती. त्यांना नुकताच हार्टचा त्रास होऊन गेला होता आणि आई तर नव्हतीच. मी गप्प राहायचो आणि आतून जळायचो.

मे महिन्यात तिने टाइप केलं, "इथून निघावं असं वाटतं. उद्या ठरवून सांगते." पुढे काही विचारण्याआधीच लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी क्लास लवकर सोडून मी घरी आलो. ऊन असं की सायकलचं हँडल धरवत नव्हतं. आत पाहतो तर नानांच्या खोलीतला कूलर कॉम्प्युटरपुढे धो धो चालू. हवा लागावी म्हणून मी मशीनचं झाकण काढून ठेवलेलं होतं. नव्या वाळ्याच्या पडद्यातून बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार थेट आत उडत होते. कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि खोलीत जळकट वास.

"तुन्हं मशीन तपी जायेल व्हतं," नाना खुशीत म्हणाले. "म्हनीसन कूलर लायी दिधा. आते बठ्ठं थंड शे." स्वतः ते घामाने निथळत बसले होते.

मी ओरडलो. आजारी बापावर ओरडू नये तसा ओरडलो. ते बावरून म्हणाले, "खेयच शे ना रे?" त्यांच्या लेखी तो नुसता खेळच होता.

मग मात्र माझा बांध फुटला. शपथ गेली खड्ड्यात. मी सगळं सांगून टाकलं.  नाना उठले, कूलर बंद केला आणि फोनशेजारच्या खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने फोन वाजला. नानांनी उचलला. खोली इतकी शांत होती की मलाही ते ऐकू आलं: टूं, टूं. या वेळी त्यांनी रिसीव्हर आपटला नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बोला," मी म्हणालो. "लाइन जुळेपर्यंत मोडेमचा स्पीकर चालू असतो. तिला तुमचा आवाज जाईल. फक्त तिकडे खोलीतल्या सगळ्यांनाही जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ते त्या शिट्टीशी मोठ्याने बोलू लागले. "बेटा, मी नाना. सकायले तुले लेवाले येसू. पिशवी भरी ठेव. कोनलेच घाबरू नको."

टूं टूं चालूच राहिलं. मला वाटलं, तिने मोडेमचा आवाज बारीक करून ठेवला असेल आणि आता लाइन तुटेल. उद्या सकाळी न्यायला येतो, हे सगळं नाना पुन्हा पहिल्यापासून बोलले.

शिट्टी मध्येच थांबली. पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला होता. सासूबाईंचा चढलेला आवाज आला, आणि त्याच्याही वर, लग्नानंतर इतक्या वर्षांत फोनवर कधी ऐकला नव्हता एवढा मोठा, अक्काचा.

"पिशवी कालनीच भरी ठेयेल शे, नाना."